जिवंत बाईचा कागद

हिंदुराव धावेच्या उतारावर आला तेव्हा रंभानं नुकतीच मोट ओतली होती आणि बैल मागं सरत विहिरीच्या तोंडाशी आले होते. त्यानं आपल्या बैलाच्या गळ्याची जुपणी सोडली, जुवातली शिवळ उपसली आणि दावं धरून बैल ओढत निघाला. जू एका अंगाला कलंडलं. उरलेला पवळ्या मान वाकडी करून उभा राहिला.

दुर्गाबाई खाली कांद्याच्या वाफ्यात दारं धरत होती. पाटाचं पाणी आटलं म्हणून तिनं मान वर केली आणि खोरं टाकून धावेकडं आली. सहा वर्षं सावड चालली होती. एक बैल तिचा, एक हिंदुरावाचा. चार दिवस तिची मोट, चार दिवस त्याची. बबन, तिचा एकुलता एक, विषमज्वरानं गेला तेव्हा तेराव्याच्या पंगतीत उभं राहून हिंदुरावानंच सांगितलं होतं, काकीचं पाणी मी तुटू देणार नाही.

पुतण्या बांधावर थांबला. सुनेकडं न बघता सासूला म्हणाला, "तुझ्या सुनंला पाट लावायचाय न्हवं? मग त्या फिटराला म्हणावं, ये आन् जुवाखाली मान घाल."

आणि गेला. शेजारच्या रानात गवत कापणाऱ्या बायांनी हे ऐकलं, आणि आपण ऐकलंय हे कळावं इतपत त्या हसल्या.

फिटर म्हणजे ज्योतीराम. उस्मानाबादेकडचा माणूस, देहूरोडला लष्करी डेपोत कामाला. बायको बाळंतपणात गेलेली. डेपोच्या खानावळीसाठी कांदा न्यायला मुकादमाबरोबर आला होता. मोटेचं चाक करकरत होतं, ते त्यानं न सांगता उतरवून नीट करून दिलं. पुढच्या वेळी सायकलवर एकटाच आला. तिसऱ्या वेळी सरळ दुर्गाबाईच्या ओट्यावर बसला आणि रंभाला मागणी घातली. घालताना मान खाली होती, पण आवाज खाली नव्हता.

कुरुळीच्या शिवारात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, काही नवा नव्हता. पण पाट लागला की बाईनं अंगावरच्या लुगड्यानिशी उठायचं, नवऱ्याच्या जमिनीचं ढेकूळही तिचं नाही, हा भाऊबंदांचा कायदा. तो कुणी लिहिला नव्हता, म्हणून तो कुणाला खोडताही येत नव्हता. आणि ही जमीन तर नवऱ्याचीही नव्हती. लढाईच्या काळात सयाजीनं, दुर्गाबाईच्या नवऱ्यानं, दोन वर्षं डेपोच्या बांधकामावर गाडीनं दगड वाहिला, पाठीचा काटा वाकवला आणि नाशिक रस्त्याच्या कडेची ही चार एकर बागायत विहिरीसकट घेतली. खरेदीखत केलं बायकोच्या नावानं, भावांच्या वाटणीत जाऊ नये म्हणून. बायकोच्या नावावर केलं म्हणून भाऊ त्याला मरेपर्यंत बायल्या म्हणत.

आता अठ्ठावन्न साल होतं. पिंपरीला कारखाने उठत होते आणि पुण्याचे दोन शेठ साखळी घेऊन रस्त्याकडेची रानं मोजत हिंडत होते. हिंदुरावानं त्यांना काकीचं रान दाखवलं होतं. काकी थकलीय, म्हणाला होता.

एका बैलावर मोट चालत नाही. पौषाचा महिना, लागण होऊन वीस दिवस झालेले, पात अजून करंगळीएवढी. गावात दुसरा बैल मागितला तर कुणाचा लंगडत होता, कुणाचा नांगराला दिलेला होता. हिंदुराव प्रत्येकाच्या दारात आधीच जाऊन आला होता.

मग दोघींनी हातानं पाणी काढलं. रहाटाला दोर, दोराला घागर. एकीनं ओढायचं, एकीनं वाहायचं. पहाटेच्या गारठ्यात दोर बर्फासारखा लागायचा आणि ऊन चढेपर्यंत तळहाताची साल निघायची. रंभानं हाताला चिंध्या बांधल्या. दुर्गाबाईनं बांधल्या नाहीत. चिंधीनं दोर निसटतो, म्हणाली. दिवसाला दहा वाफे भिजायचे. वाफे होते दीडशे.

रविवारी ज्योतीराम आला आणि घागर हातात घ्यायला निघाला. दुर्गाबाईनं त्याला बांधावरच अडवलं. तुमी आत्ता पाय ठिवला तर उद्या गाव म्हणंल, रानासाठीच आला. तो खजील झाला. "मी काय वावर मागायलो का, मावशी? मला हात हायेत," म्हणाला. पण ऐकलं, आणि सायकल वळवून गेला.

त्या आठवड्यात दुर्गाबाई आबाजीला घेऊन एसटीनं खेडला गेली. आबाजी शेजारचा म्हातारा, सयाजीच्या बरोबरीचा. कचेरीसमोर यशवंतराव वकिलांची पाटी होती. वकील तुसडा माणूस. कोर्टातल्या कारकुनापासून अशिलापर्यंत सगळ्यांवर खेकसायचा. पण कागद वाचताना त्याचं बोट ओळीवरून हलत नसे. खरेदीखत त्यानं दोनदा वाचलं.

"जमीन तुमची एकटीची. कुणाच्या बापाचा संबंध नाही," तो म्हणाला. "सुनेला द्यायची तर दोन रस्ते. एक मृत्युपत्र. साधा कागद, दोन साक्षीदार, खर्च नाही. मन बदललं तर फाडा. पण तो कागद तुम्ही गेल्यावर बोलायला लागतो. तेव्हा त्याच्या बाजूनं बोलायला तुम्ही नसता."

"आन् दुसरा?"

"विश्वस्तपत्र. स्टँप लागतो, नोंदणी लागते, आणि एकदा केलं की फिरवता येत नाही. मात्र ते आजपासून लागू. जमीन तुमच्या मालकीची राहत नाही. तुम्ही तिच्या विश्वस्त, म्हणजे राखणदार. तुमच्याबरोबर सूनही राखणदार. हयातभर पीक दोघींनी खायचं, तुमच्यामागं तिनं, तिच्यामागं तिच्या पोटच्या पोरांनी. विकायचा हक्क कुणालाच नाही. तुम्हाला नाही, तिला नाही, तिनं उद्या दुसरा नवरा केला तर त्यालाही नाही."

दुर्गाबाईचा चेहरा आवळला. "म्हंजी माझ्याच रानात मी राखणदार? माझ्या मालकानं पाठ मोडून घिऊन दिलंय. जित्यापणी हात कापून द्यायला मला काय झालंय?"

वकिलानं खांदे उडवले. सगळे हेच म्हणतात, असं पुटपुटून त्यानं साधा कागद ओढला. दुर्गाबाईनं मृत्युपत्रावर अंगठा उठवला, आबाजी आणि वकिलाचा कारकून साक्षीला राहिले. कागद तिनं पदराच्या गाठीत बांधून आणला आणि लाकडी पेटीत, लग्नातल्या लुगड्याच्या घडीत ठेवला.

आबाजीच्या पोटात काही राहत नसे. दोन दिवसांत गावाला कळलं.

पाचव्या दिवशी दुर्गाबाईला हुडहुडी भरली. आठवडाभर ओल्या लुगड्यात विहिरीवर उभं राहिल्यावर दुसरं काय व्हायचं होतं. कूस दुखायला लागली, श्वास शिट्टी घातल्यासारखा वाजू लागला. चाकणच्या डॉक्टरनं सुई टोचली आणि पैसे घेऊन गेला. तिसऱ्या सकाळी तिचे डोळे उघडेनात, हाक मारली तर ओठ हलेनात.

हिंदुराव शालनबाईला, आपल्या बायकोला, घेऊन आला आणि घराचा कारभारी झाला. नाडी बघून म्हणाला, काकीला खाली घ्या. जीव बाजेवर गेला तर घराला दोष. जमिनीवर शेण सारवलं, घोंगडी अंथरली आणि माणसानं शेवटचं जमिनीला टेकावं तशी तिला उतरवली. गाव एकेक करून आलं. ज्यानं त्यानं तुळशीचं पान बुडवून चमचाभर पाणी तिच्या तोंडात सोडलं. निम्मं कानाकडं ओघळलं. हसलेल्या बायाही आल्या, रडल्या.

त्या सगळ्यांना वाटलं, म्हातारीला काही कळत नाही. पण अंग मेलं होतं. कान मेले नव्हते.

माणसं ओट्यावर सरकली. रंभा पाणी तापवायला परसात गेली. मग दुर्गाबाईला पेटीची कडी वाजलेली ऐकू आली. लुगडी उपसल्याचा आवाज. दारातून शालनबाईचा दबका आवाज, "आवरा लौकर." चुलीत कागद पडला तेव्हा भपकन जाळ झाला, त्याची ऊब तिच्या गालापर्यंत आली. नंतर हिंदुराव जवळ बसला. त्याच्या अंगाला गाडीच्या वंगणाचा वास येत होता. त्यानं तिचा हात उचलला, अंगठा कसल्यातरी चिकट गारात बुडवला आणि कागदावर दाबला. एकदा दाबला, तो नीट उठला नाही असं वाटून पुन्हा दाबला.

"हात अजून ऊन हाय," तो बायकोला म्हणाला. "दुपारपत्तूर उरकंल."

दुर्गाबाईला ओरडायचं होतं. छातीत हवा नव्हती. आपण मेल्यावर घरात काय होणार हे कुणाला बघायला मिळत नाही; तिला मिळालं, घोंगडीवर पडून, स्वतःच्या कानांनी. मला वाटतं, त्या रागानंच ती वाचली. डॉक्टर म्हणेल सुईनं. म्हणू दे.

दुपार गेली. संध्याकाळी तिला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी तिनं पाणी मागितलं, तुळशीचं नव्हे, प्यायचं. रंभा तिचे हात पुसत होती. उजव्या अंगठ्यावर काळं वंगण होतं, ते पाण्यानं निघेना म्हणून ती राखेनं घासायला लागली.

"हे कशाचं, आत्याबाई?"

"हिंदुरावाच्या अकलेचं," दुर्गाबाई म्हणाली.

ती बसती होईपर्यंत पंधरा दिवस गेले. तिनं कुणाला काही विचारलं नाही. पेटीतल्या मृत्युपत्राचं नावही काढलं नाही, उलट शालनबाईसमोर म्हणाली, तापानं डोकं पार धुऊन गेलं बघ, काय कुठं ठेवलंय ते ध्यानात राहत नाही. शालनबाईनं ते घरी पोचवलं. तिसऱ्या दिवशी हिंदुराव स्वतः बैल घेऊन धावेवर हजर.

"झालं ते झालं, काकी. तुझा कांदा वाळतोय, बघवत न्हाई मला."

"तूच हाईस बाबा मला," दुर्गाबाई म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. पदराआड रंभाकडं बघून तिनं भुवई उडवली.

हिंदुराव रोज यायचा. कमरेपर्यंत धोतर खोचून मोट हाकायचा, मोटेचा नाडा तुटला तर स्वतःच्या पदरचा आणायचा. उद्या आपलंच रान होणार, ते पड कशाला ठेवायचं, हा त्याचा हिशेब. कांद्यानं उचल खाल्ली. पात गुडघ्याला लागली. आणि तो मोटेवर घाम गाळत असताना काकी औषधाच्या नावानं आबाजीबरोबर खेडच्या एसटीत बसलेली होती.

वकिलासमोर तिनं सगळं सांगितलं. घोंगडी, चूल, वंगण. त्यानं पहिल्यांदा तिला बसायला खुर्ची दिली.

"म्हणजे त्याच्याकडं कोऱ्या कागदावर तुमचा अंगठा आहे. वर तो आपल्या नावचं मृत्युपत्र लिहून घेणार आणि तुम्ही गेल्यावर काढणार."

"मी दुसरं मृत्युपत्र केलं तर?"

"ते दुसऱ्या चुलीत जाईल. नाही गेलं तर दहा वर्षं कोर्टात दोन कागद एकमेकांची मुंडी धरून बसतील, आणि सुनेला वकिलाचे पाय धरावे लागतील. माझे धरले तरी मी फी घेईनच." तो पुढं वाकला. "मृत्युपत्रानं काय देता येतं? मरताना जे तुमचं असेल ते. तेव्हा तुमच्या मालकीचं काही नसेलच, तर त्याच्या कागदानं त्याला काय मिळेल?"

दुर्गाबाईनं मान वळवली. खिडकीबाहेर कचेरीच्या आवारात पक्षकारांच्या बैलगाड्या सुटलेल्या होत्या. मालकी. सयाजी बायल्या म्हणवून घेऊन मेला त्या एका शब्दासाठी. तो आता स्वतःच्या हातानं सोडायचा. पण त्यानं ती जमीन मालक म्हणवून घ्यायला घेतली होती की घरातल्या बाईचा घास कुणी काढू नये म्हणून?

"राखणदार तर राखणदार," ती म्हणाली. "आजवर तरी दुसरं काय करत आले? लिव्हा. आन् त्यात हे बी लिव्हा, रंभानं पाट लावला तरी तिचा हक्क जाणार न्हाई. मोठ्या अक्षरात लिव्हा."

"कायद्यात अक्षर लहानमोठं नसतं, बाई."

"तरी लिव्हा."

वकील आयुष्यात प्रथमच कुणाच्या सांगण्यावरून मोठ्या अक्षरात लिहायला बसला. स्टँपाला गळ्यातल्या सोन्याच्या पुतळ्या गेल्या. निबंधकाच्या मेजासमोर तिनं अंगठा उठवला तेव्हा शाई निळी होती आणि ती स्वतःच्या पायांवर उभी होती. साक्षीला आबाजी होता. या खेपेला तिनं त्याला बजावलं होतं, तोंड उघडलंस तर सयाजी तुला वर भेटल्यावर बघून घेईल. आबाजी सात दिवस घराबाहेरच पडला नाही. लोकांना वाटलं, आजारी आहे.

फाल्गुनात तलाठी उद्धवरावांनी चावडीवर फेरफाराची नोटीस लावली. दुर्गाबाई सयाजी यांचं मालक म्हणून असलेलं नाव कमी. दुर्गाबाई आणि रंभाबाई, विश्वस्त. कुणाची हरकत असल्यास कळवावं. नोटीस हिंदुरावाला कुणीतरी वाचून दाखवली तेव्हा तो धावेवरच होता, हातात आसूड, गुडघ्यापर्यंत चिखल. मोट तशीच टाकून तो घरी गेला आणि तिथून चावडीवर.

दुर्गाबाई येऊन बसलेलीच होती, रंभाला शेजारी घेऊन. गाव जमलं. ज्योतीरामही त्या दिवशी सायकल घेऊन चिंचेखाली उभा होता. त्याला बोलावणं गेलेलं होतं.

हिंदुरावाला जमिनीच्या कागदांचं एक गणित पक्कं ठाऊक होतं. एकाच रानाची दोन खरेदीखतं निघाली की ज्याची तारीख आधीची तो जिंकतो. त्यानं आजोबापासून हेच पाहिलं होतं. म्हणून तो घाईघाईनं उद्धवरावांपुढं घडी उलगडत म्हणाला, "माझी हरकत हाय. माझा कागद हिच्या आधीचा हाय. काकीनं राजीखुशीनं करून दिलाय. तारीख बघा, भाऊसाहेब. आधी तारीख वाचा."

उद्धवरावांनी चष्मा लावला. वाचता वाचता त्यांची मान हळूच वर झाली. त्यांनी दुर्गाबाईकडं पाहिलं, मग कागदाकडं, मग पुन्हा तिच्याकडं.

"हिंदुराव, हे मृत्युपत्र आहे."

"व्हय. मग?"

"बाई तर समोर बसल्यात."

मागं कुणीतरी खोकलं. ते खोकणं नव्हतं. हसू बायांच्या बाजूनं सुरू झालं आणि पुरुषांकडं गेलं. हिंदुराव म्हणत राहिला, आधीचा हाय, आधीचा हाय. दुर्गाबाई उठली. आजारानं ती निम्मी झाली होती, लुगडं अंगावर टांगल्यासारखं दिसत होतं.

"तारीख वाचा की, भाऊसाहेब. माझा पुतण्या एवढं म्हणतोय."

उद्धवरावांनी वाचली. दुर्गाबाईनं गर्दीकडं तोंड केलं. ज्यांनी तिला हसून घेतलं होतं त्या गवत कापणाऱ्या बायाही पुढं होत्या.

"तो दिवस कुणाच्या ध्यानात हाय? मला खाली घेतलं होतं त्यो दिवस. तुमी समदे आला होता. तू पाणी पाजलंस, तू पाजलंस. कुणाशी बोलले मी? कुणाला वळखलं? आन् ह्याला मी राजीखुशीनं रान लिव्हून दिलं. शाई मिळाली न्हाई वाटतं, म्हून गाडीच्या वंगणात अंगठा बुडवला ह्यानं. एकदा उठला न्हाई म्हून दोनदा. बघा, भाऊसाहेब, दोन हायेत का न्हाई."

उद्धवरावांनी कागद उलटा धरून उजेडाला लावला. एकावर एक, दोन काळे डाग.

"हात अजून ऊन हाय, म्हणालास तू," ती हिंदुरावाला म्हणाली. आवाज मुळीच चढला नव्हता. "बघ, हाय का अजून." आणि तिनं हात पुढं केला.

हिंदुरावानं हात धरला नाही. कागद परत मागितला. उद्धवरावांनी तो दिला नाही. हरकतीला जोडायचा असतो, म्हणाले, वर पाठवतो, साहेब विचारतील तिथं सांगा. मग मात्र हिंदुराव हात जोडून पुढं सरकला. हरकत मागं घेतो, म्हणाला. हे सगळ्यांसमोर तीनदा म्हणायला लागलं, कारण पहिल्या दोन वेळा उद्धवरावांना नीट ऐकू आलं नाही. शालनबाई गर्दीतून आधीच निघून गेली होती.

त्या सालच्या कांद्यासारखा कांदा त्या रानानं आधी दिला नव्हता. मुठीत मावेना असा. चाकणच्या बाजारात अडते विचारायचे, पाणी कुणाचं? दुर्गाबाई सांगायची, पुतण्यानं जीव लावून दिलं. खोटं बोलत नव्हती.

काढणी संपली आणि पाट ठरला. आमच्याकडं पाट अंधारात लावतात, गावाबाहेर, चोरून. सवाष्णींनी त्या जोडप्याचं तोंड उजाडेपर्यंत बघायचं नाही आणि सासूनं तर त्या दिशेला फिरकायचं नाही. बाईनं पुन्हा जगायचं ठरवलं तर तिनं चोरासारखं जगावं, असं कुणा शहाण्यानं ठरवून ठेवलंय. बामणानं, पाटलानं, आबाजीनंसुद्धा तसंच सांगितलं.

दुर्गाबाईनं भर बाराला, रस्त्याकडेच्या बांधावर पाट मांडले. चाकणहून पुण्याला जाणारी एसटी समोरून गेली, तिच्यातल्या माणसांनी खिडकीतून माना काढून बघितलं. ज्योतीराम धुतलेल्या कपड्यात घामानं भिजला होता. रंभा मान खाली घालून बसली होती.

"मान वर कर," दुर्गाबाई म्हणाली. "तुझ्याच रानात बसलीयस."

रंभानं मान वर केली. पांढऱ्या कपाळाच्या त्या म्हातारीनं करंड्यात बोट बुडवलं आणि सगळ्या गावादेखत सुनेच्या कपाळावर कुंकू लावलं.